वरुडची गाडी आली की प्रोग्राम बंद: पायथनमध्ये मराठी फायली पुन्हा पुन्हा बिघडतात तेव्हा

नागपुरातल्या कळमन्याच्या फळबाजारातल्या एका आडत दुकानासाठी मी रोजच्या हिशोबाचा छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. सकाळचा लिलाव आटोपला की मुनीमकाका नोटपॅडमध्ये आवक टाइप करायचे: गाव, माल, वजन, भाव, आणि मध्ये स्वल्पविराम. प्रोग्राम ती फाइल वाचायचा, हमाली-तोलाई वजा करायचा आणि शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या विक्रीच्या हिशोबाचा कागद, वेगळ्या फाइलीत लिहायचा. संध्याकाळी त्याच ओळी महिन्याच्या खात्याच्या फाइलीत जाऊन बसायच्या. डेटाबेस नाही, इंटरनेट नाही. पायथनसोबतच येणारी पाथलिब ही हलकी लायब्ररी, तिच्यातले रीड_टेक्स्ट आणि राइट_टेक्स्ट हे दोन आदेश, आणि साठ-सत्तर ओळींचा कोड. (आदेशांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय. टाइप करताना ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.)

सप्टेंबरात बसवला. मोसंबीचा हंगाम होता. तीन आठवडे एक तक्रार आली नाही. मग ऑक्टोबरात एका सकाळी मुनीमकाकांचा फोन.

"भाऊ, हे काहून बंद पडून राहिलं? काल तं चांगलं चालत होतं."

त्यांनी पाठवलेल्या फोटोत शेवटची ओळ अशी होती: युनिकोडडिकोडएरर, चार्मॅप कोडेक कान्ट डिकोड बाइट ०एक्स८१ इन पोझिशन ८. मी तीच फाइल मागवली आणि घरी माझ्या लॅपटॉपवर चालवली. पट्टी व्यवस्थित निघाली. दुसऱ्या दिवशीची फाइल दुकानातही चालली. तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद. असं चार वेळा झालं, आणि चौथ्या वेळी काकांनी स्वतःचं निदान सांगितलं: "मी पाहून राहिलो ना भाऊ, वरुडची गाडी आली का हे बंद पडतेच. मोर्शीची आली तरी तेच. काटोल-सावनेरच्या मालाला काही होत नाई."

तेव्हा मला हा योगायोग वाटला होता. प्रत्यक्षात काकांनी अर्धा शोध लावून ठेवला होता.

गावाचं नाव आणि एरर यांचा संबंध

पायथनच्या कुठल्याही हलक्या लायब्ररीनं मराठी फाइल वाचताना असं अधूनमधून होत असेल, तर पहिला प्रश्न हा विचारा: फाइल वाचताना तिचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कोणत्या सारणीनं आकड्यांत साठवली आहेत, ते आपण सांगितलंय का? मी सांगितलं नव्हतं. माझी ओळ होती:

मजकूर = पाथ("आवक.टीएक्सटी").रीड_टेक्स्ट()

कंस रिकामा. रिकामा ठेवला की पायथन त्या संगणकाच्या भाषेच्या सेटिंगवरून अंदाज घेतो. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, तिथे अंदाज यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवणारी पद्धत) असा निघतो आणि तो बरोबर असतो. दुकानातल्या संगणकावर विंडोज आहे आणि त्याची भाषा भारतीय इंग्रजी. तिथे अंदाज निघतो सीपी१२५२, म्हणजे पश्चिम युरोपच्या भाषांसाठी केलेली जुनी सारणी. या सारणीत एका बाइटला एक अक्षर, आणि देवनागरीचं एकही अक्षर नाही.

इकडे नोटपॅड विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ या आवृत्तीपासून नवी फाइल आपोआप यूटीएफ-८ मध्ये साठवतो. म्हणजे काका यूटीएफ-८ लिहीत होते आणि माझा प्रोग्राम ते सीपी१२५२ समजून वाचत होता.

मग पहिल्याच दिवशी बंद का पडला नाही? इथेच सगळी गोम आहे, म्हणून जरा बाइटपर्यंत, म्हणजे फाइल ज्या ० ते २५५ च्या आकड्यांत साठवली जाते तिथपर्यंत, खाली उतरू.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. अक्षर असो, मात्रा असो, अनुस्वार असो, प्रत्येकाला तीन. पहिला बाइट कायम २२४. दुसरा १६४ किंवा १६५: 'अ' पासून 'ह' पर्यंतची अक्षरं, अनुस्वार, काना आणि पहिली वेलांटी यांना १६४, दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, हलंत आणि देवनागरी आकडे यांना १६५. तिसरा बाइट चिन्हागणिक बदलतो.

सीपी१२५२ च्या सारणीत २२४ म्हणजे डोक्यावर तिरपी रेघ असलेला छोटा रोमन ए, १६४ म्हणजे चार कोपऱ्यांना काटे फुटलेलं गोल चलनचिन्ह, आणि १६५ म्हणजे जपानी येन. मराठी मजकुराच्या जागी हा तिरप्या रेघेचा ए आणि येनचं चिन्ह आलटून पालटून दिसायला लागलं की डोळे झाकून समजा, यूटीएफ-८ ची देवनागरी सीपी१२५२ समजून वाचली गेली आहे. दुसरं कारण शोधत बसू नका.

आता तिसरा बाइट. सीपी१२५२ च्या २५६ जागांपैकी पाच जागा रिकाम्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. तिसरा बाइट भरलेल्या जागेवर पडला तर पायथन तिथलं परकं अक्षर उचलतो आणि गुमान पुढे जातो. रिकाम्या जागेवर पडला तरच एरर देतो. मराठीत नेहमी लागणाऱ्या चिन्हांपैकी कोणती या पाच जागांवर पडतात ते मी एकेक तपासलं. पहिला उकार म्हणजे ह्रस्व, १२९. चंद्रबिंदूही १२९. हलंत, म्हणजे जोडाक्षरातला पाय मोडण्याचं चिन्ह, १४१. सुटा ए १४३, सुटा ऐ १४४, आणि झ १५७.

हे समोर ठेवून काकांची गावं बघा. काटोल, नरखेड, सावनेर, कोंढाळी यांत ह्रस्व उकार नाही, जोडाक्षर नाही. चारही बिनबोभाट वाचली जातात. वरुडमध्ये 'रु' आहे. मोर्शीत 'र्शी' आहे. वरुडमध्ये व, र आणि उकार असे तीन तीन बाइट. शून्यापासून मोजलं की उकाराचा शेवटचा बाइट आठव्या स्थानी येतो. काकांच्या फोटोत पोझिशन ८ लिहिलं होतं ते त्यामुळे. ०एक्स८१ म्हणजेच १२९. मोर्शीत हलंताचा शेवटचा बाइट अकराव्या स्थानी, आणि मोर्शीच्या दिवशीच्या फोटोत ०एक्स८डी (म्हणजे १४१), पोझिशन ११ असंच होतं.

फळांचंही तसंच. मोसंबी, डाळिंब, पपई, केळी, सीताफळ, पेरू, चिकू, लिंबू: एकही अडत नाही. संत्रा अडतो, कारण 'त्रा'. सप्टेंबरभर दुकानात मोसंबी आणि सीताफळच होतं, म्हणून तीन आठवडे शांततेत गेले. ऑक्टोबरात आंबिया बहाराचा संत्रा सुरू झाला आणि प्रोग्राम आडवा झाला. काकांचा 'काटोलला काही होत नाई' हा नियमही मग मोडला, कारण काटोलचा संत्रा आला त्या दिवशी तोही अडला. आणि कळमेश्वरची तर मोसंबीसुद्धा अडली, 'श्व' मुळे.

आपल्या शहराचं नावही या चाळणीतून बघण्यासारखं आहे. मराठीत आपण नागपूर दीर्घ लिहितो, ते सरळ वाचलं जातं. हिंदीत ते ह्रस्व लिहितात, आणि ते अडतं. एकाच गल्लीतल्या दोन दुकानांत तोच प्रोग्राम एकाकडे चालेल आणि दुसऱ्याकडे बंद पडेल, तो एवढ्या फरकावर.

दोन चुका एकमेकींना झाकत होत्या

पण मोसंबी चुकीची वाचली जात होती, तर तीन आठवडे पट्टीवर मराठी नीट कशी उमटत होती? कारण लिहितानाही मी एन्कोडिंग सांगितलं नव्हतं. वाचताना सीपी१२५२ नं बाइटचे परके वर्ण केले, लिहिताना सीपी१२५२ नंच त्यांचे परत तेच बाइट केले. फाइल जशीच्या तशी बाहेर. नोटपॅडनं ती यूटीएफ-८ म्हणून उघडली की मोसंबीच दिसणार. आकडे आणि स्वल्पविराम दोन्ही सारण्यांत एकाच जागी असल्यामुळे गुणाकार-वजाबाकीही बरोबर.

म्हणून 'फाइल बरोबर दिसते म्हणजे कोड बरोबर आहे' यावर अशा कामात भरवसा ठेवू नका. खात्रीची परीक्षा सोपी आहे. फक्त 'मोसंबी' हा शब्द असलेली फाइल करा, नंतर एन्टर न दाबता साठवा, ती वाचा आणि लेन या आदेशानं लांबी छापा. म, ओकार, स, अनुस्वार, ब, वेलांटी: ६ यायला हवेत. १८ आले तर बाइटच अक्षरं म्हणून मोजले जात आहेत. ही परीक्षा मुद्दाम मोसंबीवरच करायची, संत्र्यावर केली तर आकडा न येता एररच येईल. पडद्यावर मराठी छापून बघण्यापेक्षा हे बरं, कारण विंडोजच्या काळ्या खिडकीत फॉन्टचीच बोंब असते आणि त्यात माणूस भलतीकडे भरकटतो.

दोन उपाय जे करू नयेत

हे कारण कळायच्या आधी मी दोन उपाय केले, आणि दोन्हींनी नुकसान केलं. शोधायला गेलं की हेच दोन पहिल्यांदा सापडतात, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिला: कंसात एरर्स="इग्नोर" लिहिणं. एरर गेली, प्रोग्राम चालला, मी निर्धास्त. दुपारी वरुडच्या एका शेतकऱ्यानं पट्टी हातात घेतली आणि विचारलं, "हे माह्या गावाचं नाव असं काहून केलं?" इग्नोर म्हणजे न समजलेला बाइट फेकून देणं. उकाराच्या तीनपैकी दोन बाइट उरले आणि तिसरा गेला. उरलेले दोन धड कोणतंच चिन्ह नाहीत, आणि ती फाइल त्यानंतर शुद्ध यूटीएफ-८ राहिलीच नाही. गेलेला बाइट उकाराचा होता की हलंताचा, हे नंतर ओळखायचं साधनही उरत नाही. एरर हा निरोप असतो. तो ऐकू येऊ नये म्हणून कान बंद केले की माल मात्र रोज सडत जातो.

दुसरा: फक्त वाचण्याच्या ओळीत एन्कोडिंग लिहिणं. मी घाईत आवक आणि खातं वाचण्याच्या ओळी दुरुस्त केल्या, लिहिण्याच्या तशाच ठेवल्या. आता वाचलेलं मराठी खरंखुरं मराठी होतं, आणि संध्याकाळी खातं लिहायच्या वेळी सीपी१२५२ ला त्यातलं एकही अक्षर माहीत नव्हतं. युनिकोडएन्कोडएरर आली. तेही चाललं असतं. पण राइट_टेक्स्ट फाइल लिहिण्यासाठी उघडतो तेव्हा आधी ती कोरी करतो आणि मग लिहायला घेतो. कोरी करून झाली होती, लिहिणं जमलं नाही. महिन्याचं खातं शून्य बाइटचं झालं.

सव्वीस दिवसांचा हिशोब. पट्टीबुकाच्या कार्बन प्रती होत्या म्हणून वाचलो. मुनीमकाका एकेक पट्टी वाचत होते आणि मी टाइप करत होतो, रात्री साडेदहापर्यंत. निळ्या कार्बनमध्ये पुसट झालेले तीन आणि आठ ओळखायला ते चष्मा काढून कागद दिव्याखाली धरायचे. एका शब्दानं बोलले नाहीत. घरी निघताना एवढंच म्हणाले, "उद्या लिलाव सहाला आहे, भाऊ." त्या रात्री ठरवलं की ही गोष्ट मुळापासून समजल्याशिवाय कोडला हात लावायचा नाही.

बरोबर उपाय

वाचताना आणि लिहिताना, प्रत्येक ठिकाणी, एन्कोडिंग लिहायचं:

मजकूर = आवक.रीड_टेक्स्ट(एन्कोडिंग="यूटीएफ-८")
पट्टी.राइट_टेक्स्ट(मजकूर, एन्कोडिंग="यूटीएफ-८")

ओपन वापरत असाल तर त्यातही हेच. एकही जागा सोडायची नाही. साठ ओळींच्या कोडमध्येही अशी एखादी जागा सुटते, त्यासाठी पायथनमध्येच सोय आहे. २०२१ च्या ३.१० आवृत्तीपासून प्रोग्राम चालवताना एक्स या मोठ्या अक्षराच्या पर्यायासोबत वॉर्न_डिफॉल्ट_एन्कोडिंग लिहिलं की चाललेल्या ओळींपैकी जिथे जिथे एन्कोडिंग सांगितलेलं नाही ती ओळ एन्कोडिंगवॉर्निंग म्हणून दाखवली जाते. मी प्रोग्रामचे सगळे भाग मुद्दाम चालवले तेव्हा तीन जागा निघाल्या. त्यातली एक मी स्वतः कधीच शोधली नसती, कारण ती वर्षातून एकदा मार्चअखेरीला चालणाऱ्या भागात होती.

कोड दुसऱ्या कुणाचा असेल आणि बदलता येत नसेल, तर पायथनयूटीएफ८ नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल करून त्याची किंमत १ ठेवायची. ही सोय २०१८ च्या ३.७ पासून आहे, आणि ३.१५ पासून हाच रिवाज आपोआप लागू करायचं ठरलेलं आहे. तरीही मी कोडमध्येच लिहायच्या बाजूचा आहे. व्हेरिएबल त्या संगणकात राहतं. दुकानदारानं दिवाळीला नवा संगणक घेतला की ते मागे राहतं, आणि तोच फोन पुन्हा येतो.

आता फाइल कोरी होण्याचं. एन्कोडिंग बरोबर केलं तरी लिहिता लिहिता लाइट गेली तर तेच होऊ शकतं, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की आपल्याकडे लाइट जायला वेळ लागत नाही. म्हणून जुन्या फाइलीवर थेट लिहायचंच नाही. शेजारी तात्पुरती फाइल लिहायची, पूर्ण झाली की तिला जुनीच्या जागी बसवायचं:

तात्पुरती = खाते.विथ_सफिक्स(".टीएमपी")
तात्पुरती.राइट_टेक्स्ट(मजकूर, एन्कोडिंग="यूटीएफ-८")
तात्पुरती.रिप्लेस(खाते)

लिहिताना काहीही बिघडलं तरी जुनं खातं जागेवर असतं. इथे रिनेम वापरू नका, रिप्लेसच वापरा. विंडोजवर त्या नावाची फाइल आधीच असेल तर रिनेम अडतो, रिप्लेस तिच्यावर बसवतो. आणखी पक्कं हवं असेल तर तात्पुरती फाइल ओपननं उघडून लिहा, फ्लश करा, मग ओएस मधल्या एफसिंकनं मजकूर डिस्कवर उतरवा आणि त्यानंतर रिप्लेस करा. रोजच्या पट्टीला याची गरज नाही. महिन्याच्या खात्याला मी हे लावलंच.

रिप्लेसच्या वेळी पर्मिशनएरर आली तर नव्वद टक्के वेळा कुणीतरी ती फाइल एक्सेलमध्ये उघडी ठेवलेली असते. एक्सेल बंद करा आणि पुन्हा चालवा. काही गमावलेलं नसतं, मजकूर टीएमपी फाइलीत सुखरूप असतो.

एक्सेलचं वेगळं दुखणं

शेटजींना खातं एक्सेलमध्ये हवं होतं, म्हणून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल, काढून दिली. त्यांच्या पडद्यावर पुन्हा तोच तिरप्या रेघेचा ए आणि येन. या वेळी प्रोग्राम निर्दोष होता. सीएसव्हीच्या सुरुवातीला तीन बाइटची एक खूण असली तरच एक्सेल ती दोन क्लिकवर यूटीएफ-८ म्हणून उघडतो. ती खूण टाकायला लिहिताना एन्कोडिंग "यूटीएफ-८-सिग" द्यायचं. सोबत ओपनच्या कंसात न्यूलाइन="" हेही लिहा, नाहीतर विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ येते.

ही खूण असलेली फाइल परत वाचताना साधं यूटीएफ-८ दिलं, तर खूण पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते. डोळ्यांना 'तारीख' दिसतं, पण आत न दिसणारं एक चिन्ह आधी असतं, आणि सीएसव्ही वाचणाऱ्या डिक्टरीडरनं दिलेल्या ओळीत 'तारीख' मागितलं की तो रकानाच नाही म्हणून कीएरर येते. वाचतानाही यूटीएफ-८-सिगच द्या. खूण असली तर ती काढून टाकतो, नसली तर नेहमीसारखं वाचतो.

आणि एक्सेलमधून साठवताना साधं सीएसव्ही निवडू नका, यादीत सीएसव्ही यूटीएफ-८ असा वेगळा पर्याय आहे तो निवडा. साध्या सीएसव्हीत प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह पडतं. ते मात्र कायमचं, त्यातून काही परत येत नाही.

बिघडलेल्या फायली परत आणणं

प्रश्नचिन्हं झालेल्या आणि इग्नोर लावलेल्या फायलींना इलाज नाही. पण फाइलीत तिरप्या रेघेचा ए आणि येन पक्के साठले असतील, म्हणजे सीपी१२५२ नं वाचून यूटीएफ-८ मध्ये लिहिलं गेलं असेल, तर ती पूर्ण परत येते:

बरोबर = बिघडलेला.एन्कोड("सीपी१२५२").डिकोड("यूटीएफ-८")

वाचताना एरर आली नव्हती याचा अर्थ एकही बाइट रिकाम्या जागेवर पडला नव्हता, म्हणून उलट्या पावलांनी सगळे बाइट सापडतात. आधी फाइलीची प्रत करा, मग हे चालवा.

फाइल समोर आहे, तरी 'नाही' म्हणतो

हे सगळं झाल्यावर महिनाभरानं वेगळाच फोन आला. 'शेतकऱ्यांच्या पट्ट्या' नावाचा फोल्डर काकांनी डेस्कटॉपवर केला होता. प्रोग्राम म्हणायचा, असा फोल्डरच नाही. मी दुकानात जाऊन स्वतः पाहिलं. कोडमधलं नाव आणि डेस्कटॉपवरचं नाव शेजारी शेजारी ठेवलं, काना-मात्रा सगळं सारखं. तरी पाथलिबचा एक्झिस्ट्स फॉल्स देत होता.

दोन्ही नावांची लांबी छापली. एकानं फरक.

हा आपल्या ऱ्यचा प्रश्न आहे, आणि मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी गाठतो. शेतकऱ्यांतला, वऱ्हाडातला हा अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत युनिकोडमधला वेगळा ऱ, क्रमांक ०९३१, आणि त्यापुढे हलंत. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलंत, आणि मग न दिसणारं जोडचिन्ह, क्रमांक २००डी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी. माझा कीबोर्ड पहिली पद्धत वापरत होता, दुकानातला दुसरी. शिवाय तिसरीही आहे: साधा र आणि खाली वेगळा नुक्ता, म्हणजे टिंब.

युनिकोडडेटा मधल्या नॉर्मलाइझला एनएफसी (सारखी चिन्हं एकरूप करण्याची पद्धत) सांगितलं की नुक्त्याचा र आणि ०९३१ एक होतात. जोडचिन्हवाला मात्र तसाच राहतो, कारण युनिकोडच्या लेखी तो वेगळा मजकूर आहे. त्यासाठी स्वतः बदल लिहावा लागतो:

डेफ सारखे(नाव):
    नाव = नॉर्मलाइझ("एनएफसी", नाव)
    रिटर्न नाव.रिप्लेस(जोडचिन्हाचा_र, पूर्ण_ऱ)

जोडचिन्हाचा_र म्हणजे र, हलंत आणि २००डी ही तीन चिन्हं. पूर्ण_ऱ म्हणजे ०९३१ आणि हलंत. मग एक्झिस्ट्सवर अवलंबून न राहता फोल्डरमधली नावं इटरडिरनं एकेक घ्यायची, दोन्ही बाजूंना 'सारखे' लावायचं आणि तुलना करायची. फाइलींच्या नावांनाच नव्हे, गावांच्या आणि माणसांच्या नावांनाही हेच लावा. आमच्या खात्यात एकाच शेतकऱ्याची दोन खाती निघाली होती, आडनावात ऱ्हे असल्यामुळे.

फाइल न सापडण्याचं आणखी एक साधं कारण: टास्क शेड्युलरमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालेल असा, प्रोग्राम लावला आणि 'स्टार्ट इन' ची जागा रिकामी ठेवली, की प्रोग्राम विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये उभा राहून फाइल शोधतो. कोडच्या सुरुवातीलाच पाथ(__फाइल__).रिझॉल्व्ह().पेरेंट घेऊन सगळे पत्ते त्यावरून बांधा.

आता नवीन कुठेही बसवण्याआधी मी एक ओळ तपासून घेतो: 'वरुडच्या शेतकऱ्यानं ऐन उन्हात एक झाड लावलं, आणि मोर्शीच्या दुकानात संत्रा विकला.' ह्रस्व उकार, हलंत, ऐ, ए आणि झ, म्हणजे पाचही रिकाम्या जागा, शिवाय ऱ्य, सगळं एका ओळीत. ही ओळ लिहून, वाचून, एक्सेलमध्ये उघडून, साठवून परत वाचली आणि पहिल्या ओळीशी जुळली, की मगच दुकानाचा खरा हिशोब त्यावर टाकतो.

मागच्या आठवड्यात मुनीमकाकांनी भीत भीत विचारलं, "भाऊ, भाव मराठी आकड्यात टाकला तं चालन का? इंग्रजीत टाकताना माझा सहा आन् आठ चुकते." आधीच्या कोडमध्ये ते अशक्य होतं, एकेका आकड्याचे तीन तीन परके वर्ण झाले असते. आता त्यांच्यासमोर '४५००' टाइप करून इंट या आदेशाला दिलं. पायथननं ते चार हजार पाचशे म्हणून घेतलं, एक ओळही न बदलता. पट्टीवर बेरीज मराठी आकड्यांत उमटावी म्हणून मेकट्रान्स आणि ट्रान्सलेटच्या दोन ओळी वाढवल्या. काकांनी पहिली पट्टी छापली, दिव्याखाली धरली, आणि ती वरुडच्याच एका शेतकऱ्याच्या हातात दिली.